अक्षरांतला बैल आणि खाणीवरची देवी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी हयातभर पहिलीचा वर्ग सांभाळला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर अक्षरांविषयी बोलावं, हे ओघानंच आलं. पण अक्षरांविषयी म्हणजे नेमकं कशाविषयी, ते आधी सांगून टाकतो, कारण या विषयाच्या नावाखाली हल्ली बाजारात बराच माल येतो. इंग्रजीतला ए म्हणजे पिरॅमिड. ओ म्हणजे होरस देवाचा डोळा. एम म्हणजे घुबडाचे कान. ‘इस्राएल’ हा शब्द फोडला की म्हणे त्यातून आयसिस, रा आणि एल असे तीन देव बाहेर पडतात. सगळी वर्णमाला हे इजिप्तच्या पुजाऱ्यांनी कुलूप घालून ठेवलेलं पुराण आहे आणि किल्ली फक्त सांगणाऱ्याच्या खिशात आहे, असा या मंडळींचा सूर असतो.

यातलं सगळंच थापेबाजीचं असतं तर मी तुमची संध्याकाळ घेतली नसती. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी या सगळ्या लिप्यांचं मूळ इजिप्तच्या चित्रांत आहे, हे खरं आहे. त्या मुळाशी एक देवी उभी आहे, हेही खरं आहे. फक्त लोक तिला शोधतात अक्षरांच्या आकारात, आणि ती तिथं नाही. ती कुठं आहे, ते सांगण्यासाठी आजचं व्याख्यान.

आधी इजिप्शियन लोक स्वतः काय मानत होते ते पाहू. त्यांच्या चित्रलिपीला ते ‘मेदू नेचेर’ म्हणत, म्हणजे देवाचे बोल. लिपी दिली थॉथनं. हा बगळ्यासारख्या वाकड्या चोचीच्या आयबिस पक्ष्याचं डोकं असलेला देव. कधी तो बबून माकडाच्या रूपातही बसतो. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत तोललं जातं तेव्हा शेजारी उभा राहून निकाल लिहून घेणारा तोच. त्याच्या जोडीला सेशात नावाची देवी. अंगावर चित्त्याचं कातडं, डोक्यावर सात पाकळ्यांचं चिन्ह, आणि हातात ताडाच्या फांदीचा दांडा, ज्यावर ती राजाच्या कारकिर्दीची वर्षं खाचा पाडून मोजते. लिहिणं हे देवांच्या कचेरीतलं काम होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ही केवळ कथा नव्हती. सक्कारा इथं उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इसवी सनापूर्वी सुमारे २३५० साली, पहिल्यांदा आतल्या भिंतींवर मंत्र कोरले गेले. त्यानंतरच्या राजांच्या पिरॅमिडांत एक विलक्षण गोष्ट दिसते. मजकुरात माणसाचं चित्र यायला हवं तिथं नुसतं डोकं आणि हात काढलेले असतात, धड नाही. सिंह मधोमध कापलेला असतो. पुढे मध्य राज्याच्या काळातल्या शवपेट्यांवर पक्ष्यांना पाय नसतात आणि सापाचे दोन तुकडे केलेले असतात. कारण उघड होतं. हा मजकूर बंद दफनकक्षात मृताच्या उशाशी असायचा. रात्री-अपरात्री अक्षरातला सिंह उठला तर? अक्षरातल्या नागानं अंधारात सळसळ केली तर? सूर्याचा वैरी असलेल्या अपोफिस या महासर्पाचं नाव लिहिताना तर सापाच्या चित्रात सुऱ्या खुपसलेल्या दाखवत. पियेर लाको या फ्रेंच विद्वानानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रथेचा बारकाईनं अभ्यास केला. अक्षराला इतकं जिवंत मानणारा दुसरा समाज शोधायला बराच प्रवास करावा लागेल.

नावाचंही तेच. राजाचं नाव लांबट वर्तुळात, दोरीच्या वेढ्यात लिहायचं, म्हणजे ते सुरक्षित. उलट अखेनातेन राजानं आमून देवाशी वैर धरलं तेव्हा त्याची माणसं छिन्नी घेऊन देवळादेवळांतून फिरली आणि जिथं जिथं ‘आमून’ लिहिलं होतं तिथं तिथं ते खरवडून काढलं. नाव गेलं की देव गेला. पुढे अखेनातेनच्या नावाचंही लोकांनी तेच केलं, हे ओघानं सांगतो.

तेव्हा इजिप्तच्या लिपीत पुराण होतं का? होतं, ठासून भरलेलं होतं. आता गंमत अशी की वर्णमाला तयार झाली ती नेमकी हे सगळं बाजूला सारून.

चित्रलिपीची रचना थोडक्यात सांगतो. तिच्यात काही चिन्हं अख्ख्या शब्दाची, काही दोन-तीन व्यंजनांच्या जोडीची, आणि काही चिन्हं न उच्चारता नुसती अर्थाची दिशा दाखवणारी. शेकडो चिन्हं होती. अभिजात काळात सुमारे सातशे. त्यांत एकेका व्यंजनाची अशीही सुमारे चोवीस चिन्हं होती. म्हणजे वर्णमालेचं सगळं सामान घरात तयार होतं. तरी इजिप्तच्या लेखनिकांनी नुसत्या त्या चोवीसांवर कधी भागवलं नाही. का भागवावं? वर्षानुवर्षं छड्या खाऊन जी विद्या मिळवली, तिच्यावर त्यांची पदं, त्यांचा मान आणि त्यांची थडगी उभी होती. सोपेपणाची गरज त्यांना नव्हती. ती होती दुसऱ्यांना.

हे दुसरे लोक भेटतात सिनाईच्या नैर्ऋत्य भागात, सेराबित अल-खादिम नावाच्या उघड्याबोडक्या पठारावर. इथं फिरोज्याच्या खाणी होत्या. निळसर हिरव्या रंगाच्या या खड्यासाठी इजिप्तचे राजे इथं मोहिमा पाठवीत, आणि इथंच हाथोर देवीचं देऊळ होतं. हाथोर म्हणजे गाईच्या रूपातली देवी, शिंगांमध्ये सूर्यबिंब धारण करणारी. संगीत, प्रेम, परदेश आणि खाणी यांची स्वामिनी. इथं तिचं नाव ‘फिरोज्याची मालकीण’. देवळात मोहिमांच्या प्रमुखांनी उभारलेल्या शिळा आहेत. त्यांतली हरवेर्रे नावाच्या अधिकाऱ्याची शिळा मला फार आवडते. तिसऱ्या अमेनेमहात राजाच्या कारकिर्दीत त्याला भर उन्हाळ्यात इथं धाडलं. उन्हाळ्यात खड्याचा रंग उतरतो, अशी जाणत्यांची समजूत. माणसं कुरकुर करू लागली, हाही धास्तावला. पण देवीनं हात दिला आणि उत्तम फिरोजा मिळाला, असं तो लिहून ठेवतो. मागून येणाऱ्यांनी घाबरू नये म्हणून लिहिलं, असाही त्याचा आव आहे. सरकारी नोकरीतली धास्ती चार हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

या मोहिमांमध्ये इजिप्शियन लोकांबरोबर कनानमधली माणसंही असत, म्हणजे आजच्या इस्रायल, पॅलेस्टाईन, लेबनॉन भागातली. सगळीच काही हमाल नव्हती. रेतेनूच्या म्हणजे सीरिया-पॅलेस्टाईनच्या सरदाराचा भाऊ खेब्देद याचं नाव सिनाईच्या शिळांवर येतं. ही माणसं देवळात जात होती, देवीला नवस बोलत होती, आणि भोवतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या पाहत होती. वाचता मात्र बहुधा येत नव्हतं.

१९०५ साली फ्लिंडर्स पेट्री हा ब्रिटिश उत्खननकार इथं आला. देवळाच्या आणि खाणींच्या परिसरात त्याला काही ओबडधोबड कोरीव मजकूर सापडले. चिन्हं चित्रलिपीसारखी, पण वाचता येईनात. चिन्हांचे प्रकार इतके थोडे की ही वर्णमाला असावी आणि ती परदेशी कामगारांची असावी, असं पेट्रीनं तेव्हाच ताडलं. त्यातल्या एका वस्तूवर सगळी मदार राहिली: वालुकाश्माचा वीतभर स्फिंक्स, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शिल्प म्हणून काही ग्रेट नाही. पण त्याच्यावर दोन लिप्यांत मजकूर आहे. चित्रलिपीत लिहिलं आहे की हा फिरोज्याच्या मालकिणीचा, हाथोरचा लाडका. आणि बैठकीच्या कडेला ती ओबडधोबड चिन्हं.

१९१६ साली अॅलन गार्डिनर या भाषातज्ज्ञानं कोडं सोडवलं. त्याला दिसलं की वेगवेगळ्या दगडांवर चार चिन्हांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो: घर, डोळा, बैलाची आकडी, फुली. सेमिटिक भाषांत या वस्तूंची नावं आणि हिब्रू अक्षरांची नावं एकच आहेत: बेत, आयिन, लामेद, ताव. प्रत्येक नावाचा पहिला उच्चार घेतला की शब्द तयार होतो ‘बालत’, म्हणजे स्वामिनी, मालकीण. कनानी माणूस हाथोरला आपल्या भाषेत याच नावानं हाक मारणार. स्फिंक्सवरचे दोन्ही मजकूर एकमेकांना येऊन मिळाले.

वर्णमालेच्या या सर्वांत जुन्या मजकुरांत आपण खात्रीनं वाचू शकलो तो पहिला शब्द एका देवीचं नाव आहे. पुराण शोधणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की ते इथं आहे, उघड्यावर, दगडावर. घराच्या चित्रात देवी नाही, डोळ्यात नाही, आकडीत नाही, फुलीत नाही. चारही चिन्हांनी आपला स्वतःचा अर्थ सोडला तेव्हा तिचं नाव उमटलं.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. ‘ग गणपतीचा’ म्हणत आपण अक्षर शिकलो. त्या खाणीवरच्या माणसांनी तेच केलं, फक्त गणपतीचं चित्रच ‘ग’ म्हणून वापरलं. आणि चित्रं उचलली शेजारच्या भिंतीवरून. उचलताना मूळ उच्चाराची फिकीर केली नाही. ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. इजिप्शियन भाषेत पाण्याच्या लाटांचं चिन्ह ‘न’चं आहे. कनानी माणसानं ती लाट पाहिली, त्याच्या भाषेत पाण्याला ‘मेम’, ‘माइम’. त्यानं तिला ‘म’ केलं. फणा काढलेल्या नागाचं चिन्ह इजिप्तमध्ये ‘ज’च्या जवळच्या उच्चाराचं, कनानीत साप म्हणजे ‘नाहाश’, म्हणून तो झाला ‘न’. घराला इजिप्शियन ‘पेर’ म्हणत, हे म्हणाले ‘बेत’. डोक्याला ते ‘तेप’ म्हणत, हे म्हणाले ‘रोश’, म्हणून ‘र’. एकोणिसाव्या शतकात एमान्युएल द रूजे या फ्रेंच विद्वानानं उच्चाराला उच्चार जुळवून फिनिशियन अक्षरं थेट इजिप्तच्या चित्रलिपीच्या झरझर लिहायच्या रूपातून निघाली असं मांडलं होतं. इजिप्तमध्ये घुबडाचं चिन्ह ‘म’चं, म्हणून आपला एमही घुबडाचा, ही कल्पना त्याच वाटेनं आली. आज व्हिडिओत जे गुपित म्हणून विकलं जातं ते दीडशे वर्षांपूर्वीचं बाद झालेलं संशोधन आहे.

ओर्ली गोल्डवासर या इस्रायली संशोधिकेनं २०१० साली यावरून एक धीट निष्कर्ष काढला: ज्यांनी वर्णमाला शोधली त्यांना चित्रलिपी वाचता येत नव्हती, म्हणूनच ती शोधता आली. वाचता आली असती तर पाण्याच्या लाटेकडे बघून त्यांच्या तोंडून ‘न’च निघाला असता. अॅन्सन रेनी या अभ्यासकांना हे मान्य नव्हतं. इतकी नेटकी युक्ती निरक्षर खाणकामगारांना सुचणार नाही, त्यामागे शिकलेलं डोकं हवं, असं त्यांचं म्हणणं. मी गोल्डवासर यांच्या बाजूला झुकतो. चिन्हांच्या उच्चारांचा पुरावा त्यांच्याकडे आहे. समोरच्या बाजूला आहे तो मुख्यतः शिकलेल्या माणसांचा शिकलेल्या माणसांवरचा विश्वास.

सिनाई हेच जन्मस्थान का, याबद्दल मात्र हट्ट धरू नये. १९९० च्या दशकात जॉन आणि डेबोरा डार्नेल या जोडप्याला नाईलच्या पश्चिमेला, वाळवंटातल्या वादी अल-होल नावाच्या घळीत, याच प्रकारच्या दोन ओळी सापडल्या. तिथंच जवळ चित्रलिपीच्या लेखात बेबी नावाच्या माणसाचा उल्लेख आहे, पदवी ‘आशियाई लोकांचा सेनापती’. म्हणजे इजिप्तच्या फौजेतले आशियाई शिपाईही ही अक्षरं खरडत होते. काळ इसवी सनापूर्वी १८०० च्या आगेमागे. खाणकामगार असोत की शिपाई, पुजारी कुणीच नाहीत, हे लक्षात घ्या.

आणि देवीच्या नावानंतर या लिपीत काय लिहिलं गेलं म्हणता? लाखीश या कनानी नगराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची छोटी फणी मिळाली. तिच्यावर काही लिहिलंय हे पाच वर्षांनी कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि २०२२ साली वाचन प्रसिद्ध झालं. सतरा अक्षरं. कनानी भाषेतलं वर्णमालेत लिहिलेलं हे सर्वांत जुनं पूर्ण वाक्य मानतात, सुमारे इसवी सनापूर्वी १७०० चं. त्यात मागणं आहे की या फणीनं केसांतल्या नि दाढीतल्या उवा निघोत. गूढ प्रतीकं शोधणाऱ्यांनी या वाक्याचं काय करायचं ते त्यांनीच ठरवावं.

आता बैलाकडे येऊ. वर्णमालेतलं पहिलं अक्षर, हिब्रूतलं आलेफ, ग्रीकांचं आल्फा, लॅटिन ए: हे बैलाचं डोकं आहे. फिनिशियनांनी ते आडवं केलं, ग्रीकांनी उलटं. आजचा ए उलटा धरला तर दोन शिंगं दिसतात. इजिप्तमध्ये पूज्य बैल होता, मेम्फिसचा आपिस. हाथोर तर गाईचंच रूप. तेव्हा पहिलं अक्षर म्हणजे आपिसचं वंदन, असं म्हणायचा मोह होतो. कनानमध्येही एल देवाला बैल म्हणत, म्हणून तिकडूनही दावा येतो. मोह आवरायला हवा, त्याचं कारण साधं आहे. त्याच वर्णमालेत फुली आहे, आकडी आहे, तळहात आहे, डोकं आहे, हात वर करून नाचणारा माणूस आहे. यादी गोठ्यातली, अंगणातली आणि अंगावरची आहे, गाभाऱ्यातली नाही. बैल देव असेल तर आकडीचं काय करायचं?

पण लिपी आणि पुराण यांची खरी गाठ इजिप्तमध्ये एका ठिकाणी पडते, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की इजिप्तमध्ये हर्मीस म्हणजे थॉथ देवानं अक्षरं शोधली, म्हणून तिथले लोक पहिलं अक्षर म्हणून आयबिस पक्षी लिहितात. कित्येक वर्षं ही दंतकथाच समजली जाई. मग उत्तरकालीन इजिप्तचे पपायरस वाचले गेले आणि दिसलं की त्या काळी तिथं अक्षरांचा एक ठरलेला क्रम होता, अक्षरांना पक्ष्यांची नावं होती, आणि पहिलं अक्षर ‘ह’ होतं. आयबिसला इजिप्शियन भाषेत ‘हेब’ म्हणत. सक्कारा इथल्या एका पपायरसवर चक्क शाळकरी पाठ आहे: एकेक पक्षी एकेका झाडावर बसलेला, आणि पक्ष्याचं नि झाडाचं आद्याक्षर एकच, हेब बसला आहे हेबेनवर, म्हणजे अबनूसाच्या झाडावर. प्लुटार्क खरं सांगत होता. यातली मला आवडलेली गोष्ट ही की ‘ह’नं सुरू होणारा हा क्रम मूळचा सेमिटिक आहे, दक्षिण अरबस्तानातल्या लिप्या तोच वापरीत. लक्सरजवळच्या एका थडग्यातल्या खापरावर, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातल्या, हा क्रम असल्याचं बेन हारिंग यांनी २०१५ साली दाखवलं. म्हणजे क्रम बाहेरून आला, योगायोगानं पहिलं अक्षर आयबिसचं निघालं, आणि मग कुणा पंडितानं त्यात आपला देव पाहिला. पुराण अक्षरात असं शिरतं: मागच्या दारानं, अक्षर तयार झाल्यावर.

उत्तरकाळात तर पुजाऱ्यांनी कमालच केली. वर्णमाला भूमध्य समुद्राच्या काठानं पसरली, ग्रीक भाषा इजिप्तच्या राज्यकर्त्यांची भाषा झाली, तसतशी देवळांतली चित्रलिपी अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. शेकडो चिन्हांची हजारो झाली. नाईलकाठच्या एस्ना इथल्या देवळात रोमन काळातली दोन स्तोत्रं आहेत. एक ख्नूम या मेंढ्याच्या डोक्याच्या देवाचं: जवळजवळ सगळं स्तोत्र एकामागून एक मेंढ्यांनीच लिहिलेलं. दुसरं सोबेक या मगरदेवाचं: सगळ्या मगरी. हे वाचायला ज्याला स्तोत्र आधीच पाठ आहे असाच माणूस लागणार. लपवलेला अर्थ, गूढ प्रतीकं, शब्दामागचा देव, हे सगळं हवं असेल तर एस्नाला जावं. तिथं ते खरोखर आहे. पण ती वर्णमाला नव्हे, वर्णमालेकडे पाठ फिरवून बसलेल्या विद्येचा तो शेवटचा बहर आहे.

युरोपला इजिप्त भेटला तो याच बहराच्या आठवणीतून. १४१९ साली अँड्रॉस बेटावर होरापोलो नावाच्या लेखकाच्या ग्रीक ग्रंथाची प्रत मिळाली. त्यात म्हटलं आहे, गिधाडाचं चित्र म्हणजे आई, कारण गिधाडांत नर नसतातच. अर्थ बरोबर, कारण साफ चूक: गिधाडाच्या चिन्हाचा उच्चार ‘आई’ या शब्दासारखा होता, एवढंच. पण विद्वानांना कारणच जास्त आवडलं. सतराव्या शतकात अथानासियस किर्चर या जेझुइट पंडितानं रोममधल्या एका ओबेलिस्कवर वेढ्यात लिहिलेलं एका राजाचं नुसतं नाव वाचायला घेतलं आणि त्यातून ओसायरिस, नाईल आणि पवित्र विधी यांच्यावर एक लांबलचक प्रवचन काढलं. त्याच्यावर हसणं सोपं आहे. पण त्यानंच इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप असलेल्या कॉप्टिक भाषेचा अभ्यास युरोपात रुजवला आणि त्याच कॉप्टिकच्या जोरावर शांपोल्यॉन या फ्रेंच विद्वानाला १८२२ साली चित्रलिपी उलगडता आली. १७८१ साली कुर द जेब्लँ या फ्रेंच लेखकानं पत्त्यांच्या टॅरो संचाला थॉथचा ग्रंथ ठरवलं, त्याच पुस्तकात बावीस पानांची बावीस हिब्रू अक्षरांशी सांगड घातली गेली, पुढच्या शतकात एलिफास लेवीनं तिच्यावर अख्खी तंत्रविद्या उभारली. आजचे व्हिडिओ या घराण्यातले आहेत. चित्रलिपी उलगडायला मदत करणारा रोझेटाचा दगड सापडायच्या अठरा वर्षं आधीचं हे ज्ञान.

पंडितही सुटले नाहीत. ज्या गार्डिनरनं ‘बालत’ वाचलं, त्यानंच १९२७ च्या आपल्या व्याकरणात धान्य मोजायच्या अपूर्णांकांची चिन्हं म्हणजे होरसच्या फुटलेल्या डोळ्याचे तुकडे, ही कल्पना घातली. एक द्वितीयांश, एक चतुर्थांश असं करत चौसष्टाव्या भागापर्यंत. दिसायला इतकी सुंदर की शाळेच्या पुस्तकांतही गेली. २००२ साली जिम रिटर यांनी जुन्या लेखांतून दाखवून दिलं की ती चिन्हं मुळात धान्यमापाची साधी चिन्हं होती, डोळ्याशी त्यांचा संबंध नव्हता.

मग प्रतीकं पाहूच नयेत का? तसं मी म्हणणार नाही, आणि मराठी श्रोत्यांसमोर तर नाहीच. ज्ञानेश्वरांनी ग्रंथारंभी ओंकारात गणेश पाहिला. अकारात पाय, उकारात पोट, मकारात मस्तक. सातशे वर्षं आपण ते डोक्यावर घेतलं आहे. पण अ पहिल्यांदा लिहिणाऱ्यानं गणपतीचे पाय लपवून ठेवले होते, असं ज्ञानेश्वर कुठं म्हणतात? भक्तानं केलेलं पाहणं आहे ते. उघड आहे, आपल्या जबाबदारीवर आहे. गुपितवाले नेमकं हेच करत नाहीत. स्वतःची कल्पना ते चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नावावर खपवतात. मला राग येतो तो त्याचा.

आपल्या अक्षरांचं काय, असा प्रश्न येणार, म्हणून थोडक्यात. देवनागरीची आई ब्राह्मी. नाणेघाटात, कार्ल्याला, सोपाऱ्याच्या अशोकाच्या शिलालेखात दिसते तीच. ब्यूलर या अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राह्मीचं मूळ सेमिटिक लिपीत असल्याचं मांडलं. ते न मानणारे, ती इथलीच म्हणणारे अभ्यासकही आहेत, आणि वाद मिटलेला नाही. खरोष्ठी ही दुसरी जुनी भारतीय लिपी अरामी लिपीतून आली हे मात्र बहुतेक सगळ्यांना मान्य आहे. ब्राह्मीची स्वरचिन्हांची आणि उच्चारस्थानांप्रमाणे लावलेल्या वर्णक्रमाची व्यवस्था भारताची स्वतःची आहे, एवढं दोन्ही बाजू कबूल करतात.

त्या खाणीवरच्या देवीचा माग काढून थांबतो. कनानी अक्षरं उत्तरेला बिब्लॉस या फिनिशियन बंदरात पोचली. तिथल्या नगरदेवतेचं नाव बालत-गेबाल, बिब्लॉसची स्वामिनी, आणि इजिप्शियन लोक तिलाही हाथोरच मानत. पॅरिसच्या लुव्रमध्ये येहावमिल्क राजाची शिळा आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. मजकूर फिनिशियन अक्षरांत, आणि वर बसलेली बालत शिंगं आणि सूर्यबिंब घातलेली, संपूर्ण इजिप्शियन वेषात. फिनिशियनांकडून बावीस अक्षरं ग्रीकांकडे गेली. ग्रीकांना आयिनचा कंठातला उच्चार नको होता, म्हणून तो डोळा ‘ओ’ झाला, आणि बैल ‘आ’ झाला. ग्रीक अक्षरं अलेक्झांडरच्या मागोमाग इजिप्तमध्ये रुजली. शेवटी ख्रिस्ती झालेल्या इजिप्शियनांनी आपली भाषा याच ग्रीक अक्षरांत सहा-सात देशी चिन्हं घालून लिहायला घेतली, तीच कॉप्टिक. त्यांच्याच भिंतींवरून उचललेली चित्रं दोन हजार वर्षांनी ओळख पुसून परत आली आणि इजिप्तच्या ‘देवाच्या बोलां’ना त्या चित्रांनीच घराबाहेर काढलं. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावर आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. आयसिसच्या देवळातल्या नेस्मेतेराखेम या पुजाऱ्यानं तो कोरला, आणि सदासर्वकाळासाठी असं त्यात लिहिलं. पुढे चौदाशे वर्षं ती लिपी वाचणारं जगात कुणी नव्हतं.

बैलाची आणि घराची ती अक्षरं पाहायला लंडनला किंवा सिनाईला जायची गरज नाही. अलिबागच्या बाजूला आणि मुंबईत बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाची जुनी कब्रस्तानं आहेत. त्यांतल्या कित्येक दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी आहे. एकाच माणसाचं नाव एकदा आलेफ-बेतच्या घराण्यातल्या अक्षरांत आणि एकदा ब्राह्मीच्या घराण्यातल्या. असा शेजार जगात फार ठिकाणी मिळत नाही. समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, दगड इथंच राहिले, आणि कोकणचा पाऊस कोरीव अक्षरांची भीड ठेवत नाही. इथं बसलेल्यांत शिक्षक आहेत, इतिहास मंडळांचे कार्यकर्ते आहेत. त्या समाजाची परवानगी घेऊन या दगडांचे फोटो आणि वाचन गोळा करायचं काम तुमच्यापैकी कुणी अंगावर घेतलं, तर पुढच्या वर्षी या व्यासपीठावर बोलायला त्यांना बोलवा.